रखमाबाईंचे सहा महिने

आजचा विषय जरा जड आहे, पण आपल्या जिल्ह्याला परका नाही. लहान मुलीवर अन्याय होतो, त्याची बातमी किंवा तक्रार धर्माच्या दारात जाते, आणि तिथे ती ‘शास्त्रात काय सांगितलंय’ ह्या प्रश्नात विरून जाते. असं झालं की माणसं काय करतात? बहुतेक जण गप्प बसतात. काही अर्ज करतात. आणि फारच थोडे लोक सरळ सांगतात, की हा हुकूम आम्ही पाळणार नाही, काय शिक्षा द्यायची ती द्या. आज बोलायचंय ते ह्या शेवटच्या लोकांबद्दल.

सविनय कायदेभंग म्हटलं की आपल्याला गांधीजी आठवतात, मिठाची मूठ आठवते. थोडं वाचलेलं असेल तर अमेरिकेतला थोरो आठवतो. कर भरायला नकार देऊन तो १८४६ साली एक रात्र तुरुंगात राहिला होता. पण मुंबईच्या हायकोर्टात १८८७ साली एका मराठी बाईनं जे केलं, ते आपण ह्या यादीत सहसा घेत नाही. गांधीजींची जोहान्सबर्गची सभा व्हायला तेव्हा अजून एकोणीस वर्षं होती.

रखमाबाईंची गोष्ट आपण थोडी सावकाश पाहू, कारण ती ऐकीव स्वरूपात फार विस्कटून गेली आहे.

जन्म १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर गेले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार समाजात विधवेला दुसरं लग्न करायची मोकळीक होती. हे सखाराम अर्जुन म्हणजे नावाजलेले डॉक्टर आणि वनस्पतींचे जाणकार. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली सुरू झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. अशा घरातसुद्धा मुलीचं लग्न अकराव्या वर्षी झालंच. नवरा दादाजी भिकाजी, एकोणीस-वीस वर्षांचा. ठरलं असं होतं की त्यानं सासरेबुवांच्या घरी राहून शिकायचं. तो शिकला नाही, मामाकडे जाऊन राहिला, तब्येतही बिघडवून घेतली. आणि लहान वयात मुलीला नवऱ्याकडे पाठवायचं नाही, ह्या मताला सखाराम अर्जुन चिकटून राहिले. रखमाबाई माहेरीच राहिल्या, घरी बसून वाचत राहिल्या.

१८८४ मध्ये दादाजीनं वकिलाची नोटीस पाठवली: बायकोला नांदायला पाठवा. तोपर्यंत रखमाबाई वीस वर्षांच्या झाल्या होत्या. त्यांनी नकार दिला. मग दावा.

इथे एक गंमत आहे, आणि ती नीट कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. ‘बायकोला माझ्या घरी आणून द्या’ असा दावा आपल्या धर्मशास्त्रात नव्हता. तो होता इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतला. तिथून तो इंग्रजी दिवाणी कायद्यात आला आणि तिथून बोटीत बसून हिंदुस्थानात. बरं, खुद्द इंग्लंडनं १८८४ साली, म्हणजे हा खटला उभा राहिला त्याच वर्षी, असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं होतं. इथे मात्र दिवाणी प्रक्रियेच्या कायद्यात सहा महिन्यांचा तुरुंग तसाच राहिला. पुण्या-मुंबईत ज्याला ‘आपला धर्म’ म्हणून छातीठोकपणे राखायला लोक उभे राहिले, त्याचं हत्यार असं चर्चमधून आलेलं होतं.

न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी हेच ओळखलं. सप्टेंबर १८८५ मध्ये त्यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं, की लहानपणी, स्वतःची संमती नसताना लग्न लावलेल्या आणि नवऱ्याकडे एकदाही न नांदलेल्या बाईला मोठेपणी ओढून त्याच्या घरी पोचवणं रानटीपणाचं होईल. वर्तमानपत्रं पेटली. टिळकांचा ‘मराठा’ आणि ‘केसरी’ रखमाबाईंच्या विरोधात. दादाजीनं अपील केलं, वरच्या न्यायाधीशांनी निकाल फिरवून खटला पुन्हा चालवायला परत पाठवला. आणि ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम दिला: एका महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग.

रखमाबाईंनी सांगितलं, जाणार नाही. शिक्षा भोगीन.

ह्यात आरडाओरडा नाही, कोर्टाचा अपमान नाही. न्यायालयाचा अधिकार त्यांनी नाकारला नाही. पळूनही गेल्या नाहीत. हुकूम चुकीचा आहे, मी तो मोडणार, आणि मोडल्याची किंमत मी देणार, एवढंच. सविनय कायदेभंगाची व्याख्या शिकवायची तर ह्याहून नेटका धडा सापडणार नाही. त्याआधी दोन वर्षं त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ ह्या सहीनं बालविवाहावर पत्रं लिहिली होती. म्हणजे आधी तक्रार मांडली, लोकांनी ती धर्माच्या खात्यात टाकली, आणि मग हा नकार आला. हा क्रम लक्षात ठेवायला हवा. तुरुंग ही त्यांची पहिली पायरी नव्हती.

पुढे काय झालं? अनेक ठिकाणी वाचायला मिळतं की राणी व्हिक्टोरियानं लग्न रद्द केलं. तसं काही झालं नाही. रखमाबाईंच्या बाजूनं मुंबईत समिती उभी राहिली, पैसा जमला, लंडनच्या ‘टाइम्स’मध्येही त्यांचं पत्र छापून आलं. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हा खटला नोंदवला. पण शेवट झाला तो तडजोडीत. जुलै १८८८ मध्ये दादाजीला दोन हजार रुपये मिळाले आणि त्यानं हक्क सोडला. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. कायदाही बदलला नाही. नांदायला न जाणाऱ्या बाईला तुरुंगात घालण्याची तरतूद निघाली ती १९२३ मध्ये. नांदायला यावं म्हणून दावा लावायची सोय तर हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आजही आहे. आम्हाला वाटतं, ह्या अर्धवट शेवटामुळेच ही गोष्ट पाठ्यपुस्तकात नीट बसत नाही.

त्या पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, परत आल्या, सुरतेला आणि मग राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत आयुष्य काढलं. १९५५ साली वारल्या.

आता त्या काळातल्या दुसऱ्या बाजूकडे येऊ. रखमाबाई वीस वर्षांच्या होत्या, शिकलेल्या होत्या, त्यांच्या मागं घर होतं. दहा वर्षांच्या मुलीनं नकार कसा द्यायचा?

जून १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संबंधानंतर रक्तस्राव होऊन मेली. नवरा पस्तिशीचा. तेव्हाच्या दंडसंहितेत बायको दहा वर्षांच्या वरची असली की बलात्काराचं कलम लागू होत नव्हतं. त्याला शिक्षा झाली ती निष्काळजीपणानं दुखापत केल्याची, एक वर्ष सक्तमजुरी. त्यानंतर देशातल्या स्त्री डॉक्टरांनी सरकारला अर्ज दिला आणि त्याला दवाखान्यात पाहिलेल्या मुलींची यादी जोडली. कुणी लंगडी झालेली, कुणी मेलेली. आज आपण ज्याला बाल अत्याचाराचा अहवाल म्हणू, तो हा.

त्या यादीचं काय झालं ते बघा. सरकारनं जानेवारी १८९१ मध्ये संमतिवयाचं विधेयक आणलं, दहाचं बारा करायचं. आणि चर्चा कशावर सुरू झाली? गर्भाधान संस्कारावर. पहिल्या ऋतूनंतर गर्भाधान झालं नाही तर दोष कुणाला लागतो, प्रायश्चित्त काय, कुठल्या स्मृतीत काय लिहिलंय. टिळक म्हणाले, हा धर्मात हस्तक्षेप आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी ग्रंथ उलगडून दाखवलं, की शास्त्र तसं बांधून टाकत नाही, थांबायला मुभा आहे. भांडारकरांचा युक्तिवाद मजबूत होता. त्याचा उपयोगही झाला. पण आम्हाला ती चर्चा वाचताना दर वेळी तेच खटकतं: पुण्यातले दोन मोठे विद्वान श्लोकांवर भांडतायत, आणि डॉक्टरांच्या यादीतल्या मुली कुणाच्या बोलण्यात नाहीत.

टिळकांवर अन्याय नको. त्यांचा विरोध परक्या सरकारच्या कायद्याला होता, आणि मुलीचं लग्न सोळाच्या आत करणार नाही अशी शपथ सुधारकांनी स्वतः घ्यावी, असं त्यांनीच सुचवलं होतं. शपथ घेणारे फारसे निघाले नाहीत, ही सुधारकांचीही लाज. आगरकर ‘सुधारक’मधून विधेयकाच्या बाजूनं लिहीत होते. हेच दोघे १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात शंभर दिवस शेजारी राहून आलेले. तुरुंगाची किंमत दोघांनाही ठाऊक होती.

मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. दहाचं बारा. पुढे लग्नातल्या मुलीसाठी १९२५ मध्ये तेरा, १९४९ मध्ये पंधरा. आणि अठरा कधी? ऑक्टोबर २०१७ मध्ये, सुप्रीम कोर्टाच्या निकालानं. म्हणजे फुलमणीपासून एकशे सत्तावीस वर्षं.

ह्याच काळात इंग्लंडमध्ये काय चाललं होतं, हे एका बाजूला सांगून टाकतो, कारण त्याचा आमच्या पुढच्या मुद्द्याशी संबंध आहे. १८८५ च्या जुलैत लंडनचा पत्रकार स्टेड ह्यानं, मुली किती सहज विकत मिळतात हे दाखवायला, स्वतःच तेरा वर्षांची एक मुलगी पैसे देऊन ‘विकत’ घेतली आणि ते छापलं. त्या गदारोळात तिथलं संमतिवय तेराचं सोळा झालं. स्टेडला तीन महिने तुरुंग झाला आणि तो त्यानं मिरवला. हेतू चांगला, परिणाम चांगला. पण त्या मुलीला कुणी विचारलं नव्हतं; तिची शारीरिक तपासणीसुद्धा त्या नाटकाचा भाग म्हणून करून घेतली गेली. कायदा मोडणारा तुरुंगात गेला हे खरं, पण त्याच्या आधी किंमत त्या पोरीनं भरली होती.

आता आपल्याकडे येऊ. नळदुर्गला मैलारपुरात पौष पौर्णिमेला खंडोबाची जत्रा भरते, ती तुम्ही पाहिलेली आहे. अणदूर आणि नळदुर्ग मिळून देव एकच, मूर्ती एकच, वर्षातला काही काळ इथे आणि काही काळ तिथे. जत्रा म्हटली की वाघ्या-मुरळी आल्या. आज मुरळी म्हणून जागरणात उभ्या राहणाऱ्या अनेक जणी कलावंत आहेत, संसारी आहेत. त्यांच्याबद्दल हे बोलणं नाही. पण नवस फेडायला लहान मुलीचं लग्न देवाशी लावायचं, आणि मग ती ‘देवाची’ झाली म्हणून तिला दुसरं लग्न नाही, ही रीत महाराष्ट्रभर होती. दंडसंहितेत अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी देण्याघेण्यावर ३७२ आणि ३७३ ही कलमं होती. पण तक्रार कोण करणार? आईबापांनी सोडलेली, पुजाऱ्यानं भंडारा लावलेला, गावानं जेवण जेवलेलं.

पुण्यात शिवराम जानबा कांबळे ह्यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढलं आणि मुरळीच्या रीतीवर टीका सुरू केली. त्या मासिकाला शिवूबाई लक्ष्मण जाधव-सोनकांबळे ह्यांनी १९०९ मध्ये पत्र लिहून मुरळीच्या जगण्याची हकिगत कळवली. स्वतः त्यातून गेलेल्या बाईनं, स्वतःच्या नावानं. नंतर गणपतराव हणमंतराव गायकवाड ह्यांनी त्यांच्याशी लग्न केलं. सरकारच्या दृष्टीनं ह्यात मोडलेलं काही नाही. पण देवाशी लागलेलं लग्न मोडून माणसाशी लग्न करणं हा रूढीच्या कायद्याचा उघड भंग होता, आणि शिक्षा द्यायला जातपंचायत आणि गाव बसलेलंच होतं. मुंबई इलाख्यात देवदासीचं लग्न कायदेशीर आहे असं लिहिलं गेलं १९३४ च्या कायद्यात. शिवूबाई आणि गायकवाड पंचवीस वर्षं पुढे होते. कांबळे पुढे १९२९ च्या पर्वती सत्याग्रहातही होते, पण आम्हाला ती मंदिरप्रवेशाची लढाई आणि हे लग्न एकाच पंक्तीत मांडावंसं वाटतं.

पण कायदेभंगाचं हत्यार फक्त पीडितांच्याच हातात राहिलं का? नाही. आणि इथे तो सोलापूरचा रस्ता येतो.

बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा सप्टेंबर १९२९ मध्ये मंजूर झाला. त्याआधी देशभर फिरून साक्षी नोंदवणारी जी संमतिवय समिती होती, तिचे अध्यक्ष आपले सर मोरोपंत जोशी. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत सनातनी मंडळींनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, धर्मावर घाला म्हणून ओरड केली आणि मुहूर्त गाठून लेकराबाळांची लग्नं उरकली. १९३१ च्या जनगणनेत पंधराच्या आतल्या विवाहित मुलींची संख्या एकदम फुगलेली दिसते, ती ह्यामुळे. आणि १ एप्रिलनंतर पाचच दिवसांनी दांडीला मीठ उचललं गेलं. मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ. अशा वेळी सरकारला शारदा कायद्यासाठी आणखी कुणाचा रोष ओढवून घ्यायचा नव्हता. कायद्याची रचनाही तशीच पांगळी. पोलिसांनी आपणहून पकडायचं नाही, कुणीतरी मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद द्यायची, आणि फिर्याद देणाऱ्याकडून शंभर रुपयांपर्यंत तारण मागता येई. बातमी देणाऱ्याच्याच खिशात हात. १९३० साली शंभर रुपये कुणाकडे होते?

आणि हा कायदा ब्रिटिश मुलखाचा. सोलापूर त्यात, तुळजापूर निजामाच्या राज्यात. मध्ये चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. ब्रिटिश हद्दीतून उठून संस्थानात जाऊन लग्न लावणं ही देशभरातली ठरलेली पळवाट होती.

तर ह्या सनातनी मंडळींनीही कायदा मोडला, धर्मासाठी मोडला, उघड मोडला. मग रखमाबाईंत आणि त्यांच्यात फरक काय? आम्ही ह्यावर बराच वाद घातला आहे. कुणी म्हणतं फरक हेतूचा. पण हेतू त्यांनाही पवित्रच वाटत होता, आणि स्टेडचा तर खरोखर चांगला होता. आमच्या मते बघायचं ते एवढंच, की भंगाची किंमत कुणाच्या अंगावर पडली. रखमाबाईंनी स्वतःचे सहा महिने पुढे केले. शिवूबाईंनी स्वतःचं नाव छापू दिलं. मुहूर्त गाठणाऱ्या बापांनी आठ वर्षांची पोर पुढे केली, तिचं अंग पुढे केलं, आणि स्वतः वऱ्हाडात जेवले.

आजची स्थिती सांगून थांबतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, त्यानं पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. पुजारी, मौलवी, पाद्री, महाराज, कुणालाही सूट नाही. आपल्या पुराव्याच्या कायद्यात वकिलाला जसं अशिलाचं गुपित राखता येतं, तसं धर्मगुरूला राखता येत नाही. न कळवल्यास शिक्षा किती? सहा महिन्यांपर्यंत. संस्थेच्या प्रमुखानं दडवलं तर वर्षापर्यंत. १८८७ मध्ये नकार देणाऱ्या बाईला जेवढी सांगितली होती, तेवढीच आज गप्प बसणाऱ्याला.

बालविवाहाचंही तसंच. २००६ चा कायदा लग्न लावणाऱ्यालाही धरतो: दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे भटजी, काझी, भंते, जो कुणी मंत्र म्हणेल तो, जन्मदाखला बघितला नाही तर अडकतो. गावात प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक नेमलेला आहे, मदतीला अंगणवाडीताई. शंभर रुपये तारण नाही. १०९८ वर फोन फुकट लागतो.

पण ऊसतोडीला जाणारी टोळी दिवाळीनंतर गाव सोडते, आणि मुलीला एकटी मागे कुणाकडे ठेवायची म्हणून त्याआधीच घाईनं अक्षता पडतात, हे कळंब-भूम-परंड्याकडच्या माणसाला सांगायला नको. तिथे तक्रार करायची म्हणजे भावकीतल्या माणसाविरुद्ध करायची. ज्या ग्रामसेवकानं लग्न थांबवायचं, त्यानं उद्या त्याच पारावर बसून घरपट्टी वसूल करायची असते. आणि लग्न थांबवून मुलगी परत त्याच घरात गेली, की पुढच्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या एखाद्या देवळात ते गुपचूप लागतं. आता निजामाची हद्द नाही, तालुक्याची पुरते.

काही मुली स्वतःच १०९८ ला फोन करतात. घरातल्या मोठ्यांचा हुकूम मोडून, बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मोबाइलवरून. त्यांची नावं आपण घेणार नाही, घेऊही नयेत. पण रखमाबाईंच्या पंगतीला कोण बसतं असं कुणी विचारलं, तर आम्ही आधी त्यांच्याकडे बोट दाखवू.

बरं, साडेसात होत आले. मागच्या रांगेत दोन हात वर दिसतायत. विचारा.